विद्यापीठे, माहिती आणि एका ‘क्लिक’ची किंमत

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठ २३ डिसेंबर २०१९ रोजी नाताळच्या सुटीच्या तयारीत होते. प्राध्यापक घरी परतले होते, वसतिगृहे रिकामी होत होती. त्याच सायंकाळी विद्यापीठाचे २६७ सर्व्हर एकापाठोपाठ एक कुलूपबंद झाले. ई-मेल, ग्रंथालय, संशोधनाच्या नोंदी, विद्यार्थ्यांची कागदपत्रे असे सारेच हाताबाहेर गेले. कुलूप उघडण्यासाठी चोरांनी खंडणी मागितली. ६ जानेवारीला वर्ग पुन्हा सुरू व्हायचे होते आणि परीक्षाही तोंडावर आल्या होत्या. सारी यंत्रणा नव्याने उभारायची तर कित्येक महिने लागले असते. अखेर आठवडाभराच्या खलबतानंतर विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो, मोजले आणि किल्ली मिळवली.

पुढे झालेल्या चौकशीत जे निष्पन्न झाले ते अधिक बोलके होते. हल्ल्याची सुरुवात डिसेंबरात झालीच नव्हती. १५ आणि १६ ऑक्टोबर रोजी दोन संगणकांवर दोन फसव्या ई-मेल उघडल्या गेल्या होत्या. त्या वाटेने आत शिरलेल्या टोळीने महिनाभर जाळे चाचपले. काही सर्व्हरवर सुरक्षेच्या सुधारणा बसवायच्या राहून गेल्या होत्या. त्या फटीतून २१ नोव्हेंबरला तिने संपूर्ण यंत्रणेवर ताबा मिळवला. त्यानंतरही महिनाभर ती दबा धरून होती. ई-मेल उघडणारे हात दोनच होते, मात्र दोन महिने गाफील राहिलेली व्यवस्था सर्वांची होती. तेव्हा दोष नेमका कोणाचा, हा प्रश्न मास्ट्रिख्टपुरता उरत नाही. विद्यापीठांतील माहिती सुरक्षेच्या जागरूकतेविषयी जगभर जी चर्चा चालते, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

बँकांवर दरोडा पडतो याचे कोणाला नवल वाटत नाही. विद्यापीठात चोरण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न मात्र अद्याप विचारला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१८ मध्ये नऊ इराणी नागरिकांवर ठेवलेल्या आरोपपत्रात सापडते. त्यानुसार या मंडळींनी अमेरिकेतील १४४ आणि अन्य २१ देशांतील १७६ विद्यापीठांना लक्ष्य केले. एक लाखांहून अधिक प्राध्यापकांच्या खात्यांवर गळ टाकण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे आठ हजार खाती गळाला लागली. तेथून ३१ टेराबाइटहून अधिक संशोधन आणि ज्ञानसामग्री बाहेर गेली, असा आरोप आहे. आमिष म्हणून पैशांची लालूच दाखवण्यात आली नव्हती. ‘आपला शोधनिबंध वाचला, फार आवडला; या विषयावरील आणखी काही लेख सोबतच्या दुव्यावर पाहावेत,’ अशा आशयाची दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकाच्या नावाची ई-मेल येई. दुव्यावर टिचकी मारताच विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे हुबेहूब प्रवेशपान उघडे आणि प्राध्यापक महाशय आपला पासवर्ड स्वहस्ते चोराच्या स्वाधीन करीत. विद्वानाला आपल्या लेखनाची दखल घेतली गेल्याचे जे समाधान असते, तेच येथे गळाचे आमिष ठरले.

आपल्याकडे या उदाहरणाला आता वेगळे महत्त्व आले आहे. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेनुसार जानेवारी २०२५ पासून ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे १३ हजार आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेचा लाभ जवळपास एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांना व्हावा, अशी अपेक्षा आहे. योजना स्वागतार्हच आहे. परंतु तालुक्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा पासवर्डही यामुळे जगाच्या बाजारात मोलाचा झाला, याची जाणीव त्या विद्यार्थ्याला कोणी करून दिली आहे काय?

चोरांचा दुसरा डोळा लेखा विभागावर असतो. कॅनडातील मॅकइवन विद्यापीठाला २०१७ साली याचा अनुभव आला. विद्यापीठाची कामे करणाऱ्या एका कंपनीच्या नावाने ई-मेल आली. आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील देयके नव्या खात्यात भरावीत, असा साधा मजकूर तीत होता. कर्मचाऱ्यांनी तीन हप्त्यांत एक कोटी १८ लाख कॅनेडियन डॉलर त्या खात्यात भरले. खरी कंपनी ‘आमचे पैसे कुठे आहेत’ असे विचारू लागली तेव्हा प्रकार उघडकीस आला. खाते बदलण्यापूर्वी कंपनीला दूरध्वनी करून खातरजमा करावी, असा नियमच तेथे नव्हता. पुढे बहुतांश रक्कम परत मिळाली. येथे कोणतीही संगणकप्रणाली फोडली गेली नव्हती. एक दूरध्वनी झाला असता तर पुढचे सारे टळले असते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांचा कारभार गेल्या दीड-दोन दशकांत झपाट्याने संगणकावर आला. प्रवेशअर्ज, शुल्क, परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, शिष्यवृत्ती, गुणपत्रिका या सर्वांची वाट आता पडद्यावरूनच जाते. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिकाही महाविद्यालयांना संगणकाद्वारे धाडल्या जातात. ही वाट बंद पडली तर काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये अनुभवले. त्या वर्षी उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी घाईने आणली गेली. निकाल कित्येक महिने रखडले, हजारो विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि त्याची परिणती कुलगुरूंना पद गमावण्यात झाली. तेथे कोणी हल्ला केला नव्हता. केवळ नियोजन कोलमडले होते. कोणी जाणूनबुजून हीच यंत्रणा ऐन परीक्षेच्या काळात बंद पाडली तर काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

हा धोका काल्पनिकही नाही. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था हे रुग्णालय आहे तसेच देशातील अग्रगण्य वैद्यकीय शिक्षणसंस्थाही आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील संगणकयंत्रणा अशाच हल्ल्यात ठप्प झाली आणि पुढे बरेच दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि जाळ्याचे विभाग एकमेकांपासून योग्य रीतीने वेगळे न ठेवल्यामुळे हे घडले, अशी माहिती सरकारने संसदेत दिली. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ मध्ये लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेची ९४ हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवरील एका वाहिनीवर झळकली. परीक्षा काही दिवसांवर आलेली असताना आपले नाव आणि बैठक क्रमांक चव्हाट्यावर आल्याचे पाहणाऱ्या उमेदवारांची मनःस्थिती काय झाली असेल, हे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर जागरूकतेचे प्रयत्न झाले नाहीत, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनेनुसार ऑक्टोबर २०२१ पासून महिन्याचा पहिला बुधवार ‘सायबर जागरूकता दिवस’ म्हणून पाळण्याचे आदेश निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. परंतु परिपत्रक आले की एक व्याख्यान, एक भित्तिपत्रक स्पर्धा आणि छायाचित्रांसह अहवाल, अशी आपल्याकडील अनेक उपक्रमांची जी गत होते, तिला हा विषयही अपवाद नाही. ‘अनोळखी दुव्यावर टिचकी मारू नका, ओटीपी कोणाला सांगू नका’ हे पालुपद ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. ते चुकीचे नाही. मात्र ते पुरेसे आहे का, याची तपासणी फारशी होत नाही.

ती तपासणी अन्यत्र झाली आहे आणि तिचे निष्कर्ष विचारात टाकणारे आहेत. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात २००५ साली संशोधकांनी विद्यार्थ्यांना खोट्या ई-मेल पाठवून पाहिल्या. अनोळखी नावाने आलेल्या ई-मेलला १६ टक्के विद्यार्थी फसले. तीच ई-मेल मित्राच्या नावाने गेली तेव्हा ७२ टक्क्यांनी आपला पासवर्ड देऊन टाकला. ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ या उपदेशाची मर्यादा त्याच वेळी स्पष्ट झाली होती, कारण चोर अनोळखी म्हणून येतच नाही. तो मित्राच्या, मार्गदर्शकाच्या किंवा कुलसचिवांच्या नावाने येतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शुद्ध मराठीतील पत्र क्षणार्धात तयार होते. मोडक्यातोडक्या भाषेवरून चोर ओळखण्याचे दिवस सरले.

प्रशिक्षणाची कथाही फारशी उत्साहवर्धक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील आरोग्यसेवेत १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वेगवेगळ्या खोट्या ई-मेल धाडून प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले कर्मचारी तोलून पाहिले, तेव्हा दोन्हींतील फरक अवघा १.७ टक्के भरला. चुकलेल्या कर्मचाऱ्यासमोर उपदेशाचे पान उघडे, परंतु बहुतेकांनी ते मिनिटभरही वाचले नाही. आमिष कोणते, यावर मात्र बरेच अवलंबून होते. पासवर्ड बदलण्याच्या सूचनेला दोन टक्क्यांहून कमी लोक भुलले, तर रजेच्या नियमांत बदल झाल्याची बातमी पाहून सुमारे ३१ टक्क्यांनी टिचकी मारली. रजेचा नियम बदलला, असे कळल्यावर कोणत्याही कार्यालयातील कोणता कर्मचारी स्वस्थ बसेल?

अशा चाचण्यांचा अतिरेकही अंगाशी येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपल्या लोकांची परीक्षा घेण्यासाठी आवारात इबोलाचा रुग्ण आढळल्याची खोटी ई-मेल पाठवली. घबराट पसरली आणि विद्यापीठाला माफी मागावी लागली. उद्या खरोखरच साथीची सूचना आली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, हा त्यातील गंभीर भाग होता. माणसांना फसवून शहाणे करण्याच्या या उद्योगात संस्थेविषयीचा विश्वास पहिल्यांदा खर्ची पडतो.

मग जागरूकता निरर्थक म्हणायची काय? तसे नाही. झुरिच येथील तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीतील १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा १५ महिने अभ्यास केला. चुकल्यावर लगेच दाखवलेल्या धड्यामुळे कर्मचारी अधिक सावध झाल्याचे त्यांनाही आढळले नाही. मात्र संशयास्पद ई-मेल कळवण्याची सोपी सोय दिल्यावर कर्मचाऱ्यांच्या सूचनांवरून नवा हल्ला अल्पावधीतच ओळखता येतो आणि ही सवय महिनोन्महिने टिकते, असे दिसले. शंभरांतील दहा फसणार हे गृहीत धरले तरी उरलेल्यांपैकी दोघा-तिघांनी वेळीच आवाज दिला, तर बाकीचे वाचतात. गावात चोर शिरल्यावर प्रत्येकाने आपापले दार तपासणे आणि एकाने ओरडून गाव जागे करणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

नेमके येथेच आपल्या विद्यापीठांचे दुखणे आहे. आपल्याकडील कार्यालयीन उतरंड अशी की, चूक वर कळवणे म्हणजे स्वतःवर ‘कारणे दाखवा’ नोटीस ओढवून घेणे. परीक्षा विभागातील लिपिकाने चुकून एखादी जोडणी उघडली आणि पडदा क्षणभर चमकला, तर तो काय करील? बहुधा संगणक बंद करून पुन्हा सुरू करील आणि गप्प बसेल. कंत्राटी कर्मचारी किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापक असेल तर त्याच्या मौनाला पुढच्या नेमणुकीची भीतीही कारण असते. दुसरीकडे, साहेबांना संगणकाचा कंटाळा म्हणून त्यांचा पासवर्ड स्वीय सहायकाकडे आणि तो रजेवर गेला की शिपायाकडे असणे हेही अपरिचित नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात एकच खाते चौघे वापरतात आणि पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो. या वर्तनामागे अडाणीपणा शोधण्यापेक्षा अपुरे मनुष्यबळ आणि कामाची घाई पाहावी लागेल. अर्जाची मुदत आज संपणार असेल तर कोणताही प्रामाणिक लिपिक नियमापेक्षा कामालाच प्राधान्य देतो.

विद्यार्थ्यांचे चित्रही वेगळे नाही. भ्रमणध्वनीवर त्यांची बोटे सराईतपणे चालतात, म्हणून त्यांना सुरक्षेचे भान असेलच, हा ज्येष्ठांचा गैरसमज आहे. आजही असंख्य विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भरले जातात. दुकानदाराच्या वहीत नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि पासवर्ड ओळीने लिहिलेले असतात. मूळ पासवर्ड जन्मतारखेचाच ठेवण्याची सवय संस्थांनीच लावलेली असते. गावाकडून आलेल्या, घरी संगणक नसलेल्या मुलीला त्या दुकानाखेरीज पर्याय नसतो. तिला ‘पासवर्ड गुप्त ठेव’ असे सांगणारे भित्तिपत्रक तेथे कुचकामी ठरते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अर्ज भरण्यासाठी चार संगणक आणि मदतीला एक माणूस ठेवला, तर त्या भित्तिपत्रकाहून अधिक सुरक्षा साधेल.

सावधपणालाही एक मर्यादा असते, हे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अनुभवातून दिसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कार्यालयात आलेल्या ई-मेलमधील कोणताही दुवा उघडला गेला नव्हता, जोडणीही उतरवली गेली नव्हती. ती केवळ पडद्यावर दिसली, तेवढ्याने हल्लेखोर आत आले. १९ वर्षांपर्यंतची माहिती साठवलेल्या यंत्रणेपर्यंत ते पोहोचले. अशा वेळी ‘कोणी टिचकी मारली’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. एक दार उघडले तरी सारा वाडा लुटला जाऊ नये, अशी बांधणी करणे हे संस्थेचे काम आहे. द्विस्तरीय पडताळणी, वेळच्या वेळी सुधारणा, परीक्षा, लेखा व ग्रंथालय यांची जाळी परस्परांपासून वेगळी ठेवणे, निवृत्त कर्मचाऱ्यांची आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांची खाती बंद करणे, माहितीची एक प्रत जाळ्यापासून पूर्णतः अलग ठेवणे या गोष्टी व्याख्यानांनी होत नाहीत. त्यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद आणि संगणक केंद्रात कायमस्वरूपी माणसे लागतात.

जर्मनीतील गीसेन विद्यापीठावर डिसेंबर २०१९ मध्ये हल्ला झाला तेव्हा ३८ हजार खात्यांचे पासवर्ड रद्द करावे लागले. नवे पासवर्ड ई-मेलने धाडणे शक्य नव्हते. मग विद्यार्थी आणि प्राध्यापक ओळखपत्र हाती घेऊन व्यायामशाळेत रांगेने उभे राहिले आणि प्रत्येकाला कागदावर छापलेला पासवर्ड देण्यात आला. ते विद्यापीठ एका शहरात होते. आपल्याकडील विद्यापीठांची संलग्न महाविद्यालये अनेक जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. अशी वेळ आल्यास रांग कोठे लावायची, याचा विचार किती विद्यापीठांनी केला आहे?

कायद्याने आता ही टाळाटाळ अवघड केली आहे. सायबर घटना सहा तासांच्या आत कळवण्याचे बंधन सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्येच घातले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील प्रमुख जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी अमलात येणार आहेत. माहितीचे वाजवी संरक्षण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. माहिती फुटल्यास मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या व्यक्तींनाही कळवावे लागेल. म्हणजे विद्यार्थ्याला अंधारात ठेवण्याची मुभा आता राहणार नाही. पण दंडाच्या धाकाने घटना दडपण्याचीच वृत्ती बळावली, तर कायद्याचा हेतू विफल होईल. सहा तासांत वर कळवायचे असेल तर लिपिकाने सहा मिनिटांत संगणक केंद्राला कळवले पाहिजे. ते त्याने निर्भयपणे करावे यासाठी ‘चूक तत्काळ सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही’ असे एक परिपत्रक कुलगुरूंच्या स्वाक्षरीने निघणे आवश्यक आहे. सोबत एक लक्षात राहील असा दूरध्वनी क्रमांक आणि तो उचलणारा माणूसही हवा. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. विद्यापीठाच्या आत असा क्रमांक कोणता, हे किती कर्मचाऱ्यांना सांगता येईल?

मास्ट्रिख्ट विद्यापीठाने खंडणी दिली, त्यावर टीकाही झाली. पण त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्याने परिसंवाद बोलावून आपल्या चुकांचा पाढा जगासमोर वाचला. ऑस्ट्रेलियातील विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू आणि नोबेल मानकरी ब्रायन श्मिट यांनीही आपल्याकडील हल्ल्याचा सविस्तर अहवाल सार्वजनिक केला. इतरांनी त्यातून शिकावे, हा उद्देश होता. मास्ट्रिख्टच्या कथेला तर अनपेक्षित वळण मिळाले. खंडणीपैकी सुमारे ४० हजार युरोंचा हिस्सा डच पोलिसांनी युक्रेनमधील एका खात्यात शोधून गोठवला होता. २०२२ पर्यंत त्याचे मोल पाच लाख युरोंवर गेले आणि ही रक्कम गरजू विद्यार्थ्यांसाठी वापरण्याचे विद्यापीठाने ठरवले.

असे दैव प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. अनुकरण करायचे ते त्या प्रांजळपणाचे. स्वतःच्या प्रयोगातील चूक मान्य करणे आणि ती प्रसिद्ध करणे हा ज्ञानव्यवहाराचा पाया आहे, असे विद्यापीठे वर्गात शिकवतात. तोच नियम कार्यालयातील संगणकापाशी बसलेल्या कनिष्ठ लिपिकाला लागू केला, तर महिन्याचा पहिला बुधवार साजरा करण्याला काही अर्थ राहील.